घरातल्या झाडाची पानं का वळतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता प्रश्नपत्रिका संपल्या. पण तसं झालं नाही. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी थांबवतं आणि विचारतं, "बाई, आमच्या झाडाची पानं गुंडाळल्यासारखी का झालीत हो?" २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तर हा प्रश्न फारच वाढला. घरात अडकलेल्या माणसांनी घरात झाडं आणली, आणि झाडांबरोबर झाडांची दुखणीही आली. आज मी या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहतात. एकट्याच असतात. मुलगा टोरांटोला. काकूंच्या पंचाहत्तरीला येणं त्याला जमलं नाही, म्हणून त्यानं इथल्या एका रोपवाटिकेला पैसे पाठवून एक झाड घरपोच दिलं. कॅलेथिया. ताटलीएवढी गोल पानं, हिरव्यावर चंदेरी पट्टे, आणि बाहेरून पांढरीशुभ्र चिनी मातीची कुंडी. काकूंनी ते दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं.

पुढच्या मार्चमध्ये मी नागपूरला मुलीकडे होते. काकूंचा फोन आला. "अगं, त्या झाडाची पानं वळायला लागलीत. विडा बांधावा तशी." मी लेकीच्या स्वयंपाकघरात, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात फोन. म्हटलं, "काकू, पान वळतंय म्हणजे तहान लागली असणार. उन्हाळा सुरू झालाय. पोटभर पाणी घाला."

बारा दिवसांनी मी परत आले. पानं आणखी वळली होती, चार-पाच पिवळी पडली होती, आणि जवळ गेल्यावर कुबट वास येत होता. काकू म्हणाल्या, "तू सांगितलंस तसं रोज तांब्याभर घालतेय गं." मी मातीत बोट घातलं. चिखल. आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलून पाहिली, तर बाहेरच्या पांढऱ्या कुंडीच्या तळाशी चार बोटं काळं पाणी साचलेलं. त्या सुंदर कुंडीला खाली भोकच नव्हतं.

काकू तेव्हा जे बोलल्या ते मला अजून आठवतं. "रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. झाड दाखव म्हणतो. गेले दोन रविवार मी फोन दुसरीकडंच फिरवतेय."

मंडळी, झाड न पाहता, मातीला हात न लावता मी औषध सांगितलं होतं. विद्यार्थ्यांना आयुष्यभर जे करू नका म्हणून सांगितलं, तेच मी लाटणं हातात धरून केलं. तेव्हा आज आपण पान का वळतं ते आधी समजून घेऊ, मग कारण कसं ओळखायचं ते बघू, आणि उपाय शेवटी. क्रम हाच ठेवायचा.

पान ताठ राहतं ते कशाच्या जोरावर? त्यात हाड नसतं. पानाची प्रत्येक पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली एक इवलीशी पिशवी. पिशव्या भरलेल्या असल्या की पान ताठ आणि सपाट राहतं. पाणी कमी झालं की पिशव्या सैल पडतात. पानाच्या पाठीवर, म्हणजे खालच्या बाजूला, सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना आपण पर्णरंध्रं म्हणतो. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. मुळांतून येणारं पाणी ही जमा, आणि पानांतून जाणारी वाफ हा खर्च. खर्च जमेपेक्षा वाढला की झाड स्वतःला आवरून घेतं. रंध्रं मिटतं, पान गुंडाळतं. गुंडाळलेल्या पानाला ऊन कमी लागतं, वारा कमी लागतो, वाफ कमी जाते.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. पावसानं ताण दिला की दुपारी ज्वारीची पानं सुरळीसारखी होतात, हे त्यानं शेकडो वेळा पाहिलेलं असतं. गवत वर्गातल्या या पिकांच्या पानात काही मोठाल्या पेशी असतात, त्या आधी सैल पडतात आणि पान आत वळतं. केळीचं पानही कडक उन्हात मधल्या शिरेवर दोन्हीकडून खाली घडी घालतं. संध्याकाळी ही पानं पुन्हा उघडली, तर काळजी नसते. सकाळी सहा वाजताही मिटलेलीच असली, तर शेतकरी आभाळाकडं पाहायला लागतो. घरातल्या झाडालाही हीच कसोटी लावा. दुपारी वळलेलं पान पहाटे उलगडलेलं आहे का, हे पहिल्यांदा बघा.

आता या कॅलेथियाचं कूळ सांगते, कारण कूळ कळलं की स्वभाव कळतो. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. ब्राझीलच्या जंगलांत याच्या कितीतरी जाती आहेत. उंच वृक्षांच्या पायथ्याशी, गाळून आलेल्या उजेडात, दमट हवेत, कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात ते वाढतं. शास्त्रज्ञांनी २०१२ साली या गटातल्या बऱ्याच जाती गोपर्टिया नावाच्या दुसऱ्या प्रजातीत हलवल्या, पण रोपवाटिकेत नाव जुनंच चालतं. उपासाला आपण ज्याची खीर करतो ते आरारूट याच कुळातलं. केळ, हळद, आलं आणि अंगणातली कर्दळ ही सगळी याची दूरची भावंडं. या भावंडांचं नवं पान कसं येतं ते आठवा. घट्ट सुरळी करून येतं आणि मग हळूहळू उलगडतं.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की वळलेलं प्रत्येक पान आजारी नसतं. मधून वर आलेली फिकट हिरवी सुरळी म्हणजे झाडाचं नवं पान आहे. ते बोटांनी उलगडायला जाऊ नका, फाटतं. दुसरं म्हणजे, या झाडाची पानं रात्री उभी राहतात, हात जोडल्यासारखी, आणि सकाळी पुन्हा आडवी होतात. देठ जिथं पानाला मिळतो तिथं एक फुगीर सांधा असतो. त्यातलं पाणी एका बाजूकडून दुसरीकडं सरकतं आणि पान बिजागरीवर फिरावं तसं फिरतं. चार्ल्स डार्विननं आपल्या मुलाला, फ्रान्सिसला, हाताशी घेऊन वनस्पतींच्या हालचालींवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. तो १८८० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात पानांच्या या झोपेवर बरीच पानं आहेत. तेव्हा रात्री नऊ वाजता पानं उभी दिसली म्हणून घाबरून पाणी ओतू नका. झोपलेलं पान उभं असतं, पण त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. तहानलेलं पान नळीसारखं गोल होतं. फरक एवढाच, पण तो नीट पाहिला पाहिजे.

आता खऱ्या दुखण्यांकडं येऊ.

पहिलं कारण, पाणी कमी. ओळखायचं कसं? कुंडी उचला. पाणी दिल्यावर किती जड लागते याचा हाताला अंदाज असेल, तर कोरडी कुंडी लगेच हलकी लागते. दोन पेरं बोट मातीत घाला. बोट कोरडं निघालं, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसली, पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या असतील, तर झाड तहानलेलं आहे. हल्ली बहुतेक झाडं कोकोपीटमध्ये येतात. नारळाच्या काथ्याचा हा भुसा एकदा ठणठणीत वाळला की वरून ओतलेलं पाणी लवकर पीत नाही. पाणी कडेनं खाली पळतं, ताटलीत येतं, आणि आपल्याला वाटतं, झाडाला भरपूर मिळालं. मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी बादलीत वीतभर पाणी घ्या, त्यात कुंडी अर्धा तास ठेवा, खालून पाणी शोषू द्या, मग बाहेर काढून निथळू द्या. नुसती तहान असेल, तर पानं काही तासांत, फार तर एका दिवसात उघडतात. उघडली नाहीत, तर कारण वेगळं आहे असं समजा.

दुसरं कारण, पाणी जास्त. काकूंच्या झाडाचं हेच झालं होतं. इथंच सगळे फसतात, मीही फसले. पाणी जास्त झालं तरी पान तहानेसारखंच वळतं. असं का? मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, त्या हवेतला प्राणवायू मुळांना लागतो. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांचा जीव गुदमरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग कुजवणाऱ्या बुरशा त्याच्यावर चढतात. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि वर पानं तहानेनं वळतात. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो. ओळखायची खूण अशी, की माती ओली असूनही पान वळलेलं आणि मलूल, खालची पानं पिवळी, बुंधा मऊ, आणि कुंडीला कुबट वास. झाड वळलेलं दिसलं आणि माती ओली लागली, तर हातातली झारी खाली ठेवा. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झाडं वाचतील.

तिसरं कारण, हवा कोरडी. मुंबईत किंवा कोकणात हा त्रास फारसा नाही. पण पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळा याहून कडक. आणि आपण वातानुकूलन यंत्र लावतो, तेव्हा ते हवा थंड करताकरता तिच्यातली वाफही काढून घेतं. यंत्राच्या नळीतून बाहेर ठिबकतं ते पाणी खोलीच्या हवेतलंच असतं. दमट जंगलातल्या झाडाला हे कसं मानवणार? माती व्यवस्थित ओलसर, मुळं चांगली, तरी पानं आत वळलेली आणि कडा तपकिरी, कागदासारख्या, असं दिसलं तर हवेकडं संशयानं पाहा. पंख्याचा किंवा यंत्राचा झोत थेट पानांवर येतो का, ते बघा आणि झाड तिथून हलवा. बरेच जण दिवसातून चार वेळा पानांवर फवारा मारतात. त्यानं हवा काही मिनिटं दमट होते, पुढं काही नाही. त्यापेक्षा पाच-सात कुंड्या एकत्र ठेवा, एकमेकांच्या वाफेचा त्यांना आधार होतो. न्हाणीघराच्या खिडकीत पुरेसा उजेड असेल तर उन्हाळ्याचे दोन-तीन महिने झाडाचा मुक्काम तिथं हलवा.

चौथं कारण, ऊन. पश्चिमेच्या खिडकीतलं तीनचं ऊन या झाडाला सोसत नाही. पानं वर वळतात, रंग उडतो, मधे भाजल्यासारखे डाग पडतात. पातळ पडदा लावा किंवा झाड तीन-चार फूट आत घ्या. हातभर अंतरावर धरलेल्या हाताची सावली पुसट पण ओळखू येईल अशी पडते, तेवढा उजेड पुरे. उलट टोक थंडीचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. पंधरा अंशांच्या खाली ही झाडं कुढायला लागतात, आणि उघड्या खिडकीशी ठेवलेलं झाड सकाळी वळलेलं दिसतं. थंडीत त्याला आत घ्या आणि पाणी निम्मं करा.

पाचवं कारण, क्षार. हे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार कुंडीत साठत जातात, मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो. मातीत क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढणं जड जातं, पानांची टोकं करपतात, कडा वळतात. पाणी वाया घालवायचं नाही या चांगल्या हेतूनं आपण शुद्धीकरण यंत्राचं बाजूला टाकलेलं पाणी झाडांना घालतो. मीही घालत असे. पण यंत्रानं पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात आलेले असतात! ते पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा, नाजूक झाडांना नको. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं, पण क्षार आणि फ्लोराइड उडत नाहीत. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यातही क्षार जवळजवळ नसतात, तेही चालतं. खताचंही असंच. पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही झाड वाढत असताना, एवढं बास. चमचाभर घातलं म्हणजे झाड चमचाभर जास्त वाढतं असं नाही. क्षार साठले असतील, तर कुंडी न्हाणीघरात नेऊन, तिच्यात मावेल त्याच्या तिप्पट-चौपट चांगलं पाणी हळूहळू ओता आणि खालून पूर्ण निथळू द्या.

सहावं कारण, कीड. मिरचीवर बोकड्या पडतो, पानं चुरडतात, मुरडतात, हे आपण ऐकलेलं असतं. तिथं फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू, असे निरनिराळे गुन्हेगार असतात. घरातल्या झाडावर मुख्यतः लाल कोळी, फुलकिडे, मावा आणि पिठ्या ढेकूण येतात. कोळी अर्ध्या मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखा. कोरड्या, गरम हवेत आठवडाभरात त्याची नवी पिढी तयार होते, म्हणून उन्हाळ्यात तो हातपाय पसरतो. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले, तर उत्तर मिळालं. पानाची पाठ भिंगातून बघा. बारीक जाळं, चंदेरी ओरखडे, कापसासारखे पुंजके, चिकटपणा, यातलं काही दिसतं का? नवी पानंच वेडीवाकडी येत असतील, तर कीड असण्याची शक्यता जास्त. तहानेनं पान सरळ नळीसारखं वळतं, किडीनं ते मुरडतं आणि चुरगळतं.

उपाय सोपा आहे, पण चिकाटी लागते. आधी झाड इतरांपासून वेगळं करा. पानांची पाठ पाण्याच्या धारेखाली धुवा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडं सौम्य द्रवसाबण मिसळून, संध्याकाळी, मुख्यतः पानांच्या पाठीवर फवारा. आधी एका पानावर करून दोन दिवस थांबा. पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा करायचं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढा. शेतातली जहाल औषधं बंद घरात, मुलंबाळं असताना, कृपा करून फवारू नका.

ही सहा कारणं मी वेगवेगळी सांगितली. प्रत्यक्षात दोन-तीन एकत्रही येतात. म्हणून तपासायचा क्रम ठरवून घ्या. आधी वेळ बघा, पान पहाटेही वळलेलं आहे का. मग मातीत बोट. मग कुंडीचं वजन. मग पानाची पाठ. मग कुंडीचा तळ आणि वास. मग झाडाची जागा, ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो. शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा, गेल्या महिनाभरात काय बदललं? कुंडी, जागा, खत, पाणी, की पाणी घालणारा माणूस? याला पाच मिनिटं लागतात. मी फोनवर ती पाच मिनिटं दिली नाहीत.

आणि एका वेळी एकच बदल करा. पाणी वाढवलं, जागा बदलली, खत घातलं, फवारा मारला, असं सगळं एका दिवशी केलं, तर झाड सुधारलं तरी कशानं ते कळत नाही आणि बिघडलं तरी कळत नाही. घाईचं काम फक्त एकाच ठिकाणी. मुळं कुजली असतील, तर थांबायचं नाही.

आता काकूंच्या झाडाचं काय केलं ते सांगते. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि झाड कुंडीतून बाहेर काढलं. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. इथं बरीचशी मुळं तपकिरी, बुळबुळीत, ओढली की नुसतं साल हातात यायचं. काकू शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. मी एकेक मूळ कापत होते आणि त्या "हे पण गेलं का? हे पण?" असं विचारत होत्या. पाच फुटव्यांपैकी दोनच जगण्यासारखे निघाले. कात्री दर वेळी स्पिरिटनं पुसून सगळा कुजका भाग काढला. मुळं धुतली. मुळंच इतकी थोडी उरली होती, की सगळ्या पानांना पाणी पुरवणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून पिवळी आणि अर्धी करपलेली पानंही काढली. उरली तीन.

नवी कुंडी मुद्दाम लहान घेतली, मुळांपेक्षा दोन बोटंच मोठी. मोठ्या कुंडीत माती जास्त, ओल जास्त, आणि ती प्यायला मुळं नाहीत, म्हणजे पुन्हा तेच. दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट, एक भाग गांडूळखत आणि थोडे कोळशाचे तुकडे, असं मिश्रण केलं. पर्लाइट नसेल तर जाड धुतलेली वाळू चालते. थोडंसं पाणी दिलं आणि खत बंद. वरून पारदर्शक पॉलिथिनची मोठी पिशवी सैल टोपीसारखी घातली, म्हणजे आतली हवा दमट राहील, आणि रोज दहा मिनिटं ती काढायची असं ठरलं. जागा बदलली, पूर्वेच्या खिडकीपासून थोडी आत. पांढरी कुंडी मी सुताराकडं नेऊन तळाला भोक पाडून आणली.

मग मी काकूंना म्हटलं, "चूक माझी आहे. मुलाला तसंच सांगा. न बघता मी पाणी घाला म्हटलं." काकू म्हणाल्या, "तू सांगितलंस, पण वास तर मला येत होता ना? मला वाटलं, गटाराचा असेल." पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला पिशवी घातलेलं झाड दाखवलं. तो घाबरेल असं त्यांना वाटत होतं. तो म्हणाला, "आई, अगं मी इथं अशी तीन मारली. थंडीत घर गरम करणारं यंत्र लावलं की हवा इतकी कोरडी होते, की यांचं काही चालत नाही." त्यालाही ते सांगायचा धीर तोवर झाला नव्हता!

त्यानंतर बराच काळ काही घडलं नाही. हा काळ सगळ्यांत अवघड असतो. एप्रिल गेला, मे गेला. तीनातलं एक पान आणखी वाळलं. काकू रोज सकाळी विचारायच्या, "आज पाणी?" आणि मी म्हणायचे, "बोट घाला आणि तुम्हीच सांगा." आठवड्याभरात त्यांनी मला विचारणं सोडलं. बोट घालून त्या स्वतःच ठरवायला लागल्या. पुष्कळदा उत्तर "आज नको" असंच असायचं. इथं श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, आणि बरेच दिवस वळलेलं जुनं पान पूर्ण सपाट होईलच असं नाही. त्या पानांवरून उपायाची परीक्षा करू नका. नवं पान कसं येतं, त्यावरून करा.

पाऊस सुरू झाला, हवा बदलली. आम्ही पिशवी काढून टाकली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंनी दार वाजवलं. त्यांना बोलायची घाई नव्हती, नुसतं "ये" म्हणाल्या. दोन देठांच्या बेचक्यातून पेन्सिलीएवढी एक फिकट सुरळी वर आली होती. काकूंनी विचारलं, "हे वळलेलं चालतं ना?" म्हटलं, "हे चालतं."

ती सुरळी उलगडायला आठ दिवस लागले. पान पूर्वीच्यापेक्षा लहान आलं, पण सपाट, आणि कडेला एकही डाग नाही. आज त्या झाडाला नऊ पानं आहेत. ते पुन्हा पांढऱ्या कुंडीत गेलं आहे, खाली ताटली आहे, आणि पाणी दिल्यावर पंधरा मिनिटांनी ताटली रिकामी करायचं काम काकू स्वतः करतात. रविवारी फोन आला की आधी झाडच दाखवतात.

श्रोतेहो, तुमच्या घरी मनी प्लांट असेल, रबराचं झाड असेल, फिलोडेंड्रॉन असेल. नावं निराळी, सोसण्याची ताकद निराळी, पण मूळ, पाणी आणि हवा यांचा हिशेब सगळ्यांचा सारखाच. आज संध्याकाळी पाणी घालण्यापूर्वी एकदा मातीत बोट घालून बघा. शोभेची कुंडी उचलून तळाशी पाणी साचलंय का तेही बघा. आणि शेजारच्या कुणी फोनवर विचारलं, "पानं वळलीत, काय करू?" तर लगेच सांगू नका. म्हणा, थांबा, मी बघायला येते.